नळी काढायची कोणी?

बीड जिल्ह्यात बायका बायकांत बोलताना ‘पिशवी’ म्हणाल्या, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ गर्भाशय असा असतो. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवीचं ऑपरेशन झालं’, ‘पिशवी काढून टाकली’ ही वाक्यं गेवराई-वडवणीपासून केज-धारूरपर्यंत कुठेही कानावर पडतात, आणि २०१९ साली ती राज्यभर पोचली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं फार मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. या सगळ्या चर्चेत आणखी एका पिशवीचा विषय निघाला नाही, आणि तो निघण्याचं कारणही नव्हतं. मूत्राशय गर्भाशयाच्या पुढ्यात, त्याला चिकटून असतं. ते भरलेलं राहिलं तर शस्त्राखाली सापडू शकतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी लघवीची नळी घालतात आणि तिचं दुसरं टोक खाटेला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सोडतात. एक पिशवी जाते आणि एक येते. पहिली कोणी काढली आणि का काढली याची चौकशी झाली. दुसरी मात्र ऑपरेशन संपल्यावर कोणी काढायची, केव्हा काढायची, हे सिझर झालेल्या, अपघातात सापडलेल्या, अर्धांगवायू झालेल्या, डेंग्यूने अतिदक्षता विभागात पडलेल्या हजारो रुग्णांच्या बाबतीत बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. लघवीच्या नळीमुळे रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग टाळायचा तर भारी औषधं आणि भारी नळ्या यांच्या आधी या एका न ठरलेल्या गोष्टीकडे पाहावं लागतं, असं मला वाटतं, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांचा पुरावाही तेच सांगतो.

नळी विसरली जाते याला तिची घडणही जबाबदार आहे. पूर्वी लघवी तुंबली की नळी घालून मूत्राशय रिकामं करत आणि ती लगेच काढून घेत. ती आत ठेवायचीच झाली, तर चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बाहेर बांधावी लागे, आणि तरीही ती निसटत असे. फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने १९३०च्या दशकात टोकाजवळ रबरी फुगा असलेली नळी पुढे आणली. नळी आत गेली की बाजूच्या तोंडातून निर्जंतुक पाणी सोडायचं, फुगा फुगतो आणि नळी मूत्राशयात अडकून बसते. आज जगभर वापरली जाते ती हीच फोलीची नळी. शोध अत्यंत उपयोगाचा होता, यात वाद नाही. पण जी वस्तू बांधून ठेवावी लागते तिच्याकडे रोज कोणालातरी पाहावं लागतं, आणि जी आपोआप टिकते ती नजरेआड होते. शिवाय फुगा असतो खाली आणि लघवी आत घेणारं भोक असतं त्याच्या वर. त्यामुळे नळी चालू असतानाही फुग्याभोवती थोडी लघवी साचूनच राहते. एरवी दिवसातून पाच-सहा वेळा मूत्राशय पूर्ण रिकामं होतं आणि चुकून वर चढलेले जंतू धुऊन निघतात. नळी ही धुलाई बंद पाडते. वाहता ओढा अडवून त्याचं डबकं करावं, तसं हे होतं.

जंतू दोन वाटांनी वर जातात. एक वाट नळीच्या बाहेरून, म्हणजे नळी आणि मूत्रमार्ग यांच्या मधल्या ओलसर फटीतून. दुसरी नळीच्या आतून, पिशवी आणि नळी यांच्या जोडापासून किंवा पिशवीच्या तोटीपासून वर. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश संसर्ग बाहेरच्या वाटेने आणि एक तृतीयांश आतल्या वाटेने आल्याचं दिसलं होतं. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर आणि पुरुषांचा त्याच्या पाचपट लांब, त्यामुळे बाहेरची वाट बायकांना अधिक नडते. जंतू बहुतेक रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातले असतात, ई. कोलाय त्यांत आघाडीवर. पण रुग्णालयात चार दिवस काढले की क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनास हे तिथले रहिवासीही हातांवरून येऊन पोचतात. नळीच्या प्लास्टिकवर ते चिकट थर करून बसतात. पाण्याच्या रांजणात आतून जी बुळबुळ धरते, तिच्याच जातीचा हा थर. त्याच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही आणि शरीराच्या पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. प्रोटियस नावाचा जंतू असेल तर तो लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतो, क्षार खाली बसतात आणि नळी आतून चुन्यासारखी बंद होते. नळी आत असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू आलेले आढळतात, महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. या आकड्यातला ‘दर दिवशी’ हा शब्द महत्त्वाचा. नळी कोणत्या कंपनीची होती आणि ती घालणारा डॉक्टर किती निष्णात होता, यापेक्षा ती किती दिवस राहिली यावर पुढचं बरंचसं ठरतं.

हे ज्ञान नवं नाही, आणि ते माहीत असूनही वागणं बदलत नाही हीच या विषयातली खरी गंमत आहे. येल विद्यापीठातले पॉल बीसन यांनी १९५८ साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात कॅथेटरवर, म्हणजे या नळीवर, आरोपपत्रच ठेवलं होतं: नळी घालण्याचा निर्णय हा गंभीर आजाराचा धोका पत्करण्याचा निर्णय आहे, हे जाणून तो घ्यावा. त्या काळी नळीचं टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडत, आणि चार दिवसांच्या आत जवळपास प्रत्येकाची लघवी दूषित होत असे. १९६६ साली कॅल्विन क्यूनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी बंद पद्धतीचे निष्कर्ष मांडले. नळी आणि पिशवी यांचा जोड एकदा लावला की उघडायचा नाही, लघवी फक्त खालच्या तोटीतून काढायची. एवढ्याशा बदलाने संसर्ग होण्याचा दिवस बराच लांबला. लघवीच्या नळीच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा कुठल्या औषधाने केलेली नाही, जोड न उघडण्याने केलेली आहे. आज आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकल दुकानातही बंद पिशवी मिळते. पण पिशवी बंद असणं वेगळं आणि ती बंद राहणं वेगळं. पिशवीतून गळतं म्हणून जोड काढून नवी पिशवी लावणं, एकाच भांड्यात तीन रुग्णांची लघवी ओतत जाणं, तोटी त्या भांड्याच्या काठाला टेकवणं, पिशवी जड झाली म्हणून फरशीवर ठेवणं, अशा वेळी १९६६च्या आधीचा काळ थोड्या वेळापुरता परत येतो.

मराठवाड्यातल्या सरकारी वॉर्डात ही कामं प्रत्यक्षात कोण करतं, हे विचारात घेतल्याशिवाय कोणतीही परदेशी नियमावली इथे लागू पडत नाही. सिस्टरकडे एका वेळी कितीतरी खाटा असतात. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांना झाडलोटीपासून एक्सरेच्या फेऱ्यांपर्यंत सगळं पाहावं लागतं. त्यामुळे लघवीची पिशवी रिकामी करतो तो रुग्णाचा नातेवाईक: गावाकडून आलेला मुलगा, सून, बहीण. तो रुग्णालयाच्या कुठल्याच हजेरीपटावर नसतो, पण काळजीचं निम्मं काम त्याच्याच हातून होतं. त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. रुग्णाला स्ट्रेचरवरून सोनोग्राफीला न्यायचं झालं की पिशवी लोंबकळू नये म्हणून तो ती रुग्णाच्या पोटावर ठेवतो. हेतू चांगला असतो, पण पिशवी मूत्राशयापेक्षा वर गेली की साचलेली शिळी लघवी नळीतून उलटी आत जाऊ शकते. दोन वाक्यं पुरतात: पिशवी कायम कमरेच्या खाली आणि जमिनीच्या वर, रिकामी करण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ. ही दोन वाक्यं भिंतीवरच्या इंग्रजी तक्त्यात असण्यापेक्षा दाखल करतानाच नातेवाइकाला तोंडी सांगणं अधिक उपयोगी आहे, कारण तक्ता वाचणारा आणि पिशवी रिकामी करणारा हे एकच नसतात.

मात्र स्वच्छता ही या गोष्टीची धाकटी बाजू आहे. थोरली बाजू म्हणजे नळी आहे याची आठवण असणं. मिशिगनमधले संजय सेंट आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार अमेरिकी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना एक सरळ प्रश्न विचारला: तुमच्या कोणत्या रुग्णाला आत्ता लघवीची नळी आहे? २८ टक्के वेळा उत्तर चुकलं, म्हणजे नळी होती आणि उपचार करणाऱ्याला ती ठाऊक नव्हती. शिकाऊ मुलांपेक्षा वरिष्ठांचं अज्ञान जास्त निघालं, ३८ टक्के. सर्वांत बोलका आकडा पुढचा आहे. ज्या रुग्णांना नळीची गरजच नव्हती, त्यांच्या बाबतीत हे अज्ञान ४१ टक्क्यांवर गेलं. विनाकारण राहिलेली नळीच सर्वांत जास्त विसरली जाते, आणि हे तर्काला धरूनच आहे, कारण गरज असती तर आठवणही राहिली असती. नळी घालण्यासाठी लेखी आदेश लागतो. ती चालू ठेवण्यासाठी कोणालाही काहीच करावं लागत नाही. सलाईन संपलं की बाटली रिकामी दिसते, प्रतिजैविकाचा डोस रोज लिहावा लागतो, पण नळी कोणाच्याही परवानगीशिवाय उद्याच्या दिवसात जाते. म्हणून उपाय तिथेच करायला हवा होता, आणि तो करून पाहिलाही गेला. रोज आठवण करून देणारा कागद, किंवा ठरावीक दिवसानंतर डॉक्टरने नव्याने कारण लिहिलं नाही तर नळी काढण्याचा नर्सला दिलेला कायमचा आदेश, अशा उपायांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली निघाला. नळीशी संबंधित संसर्ग ५२ टक्क्यांनी कमी झाला होता. नळी लवकर काढली म्हणून ती पुन्हा घालावी लागण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं नव्हतं. एका कागदाने निम्मा आजार घटतो, असं उदाहरण वैद्यकात फार सापडत नाही.

यावर सर्वांत खरा आक्षेप डॉक्टरांकडून येत नाही, वॉर्डातून येतो. नळी काढली की चादरी ओल्या होतील, त्या बदलणार कोण? अर्धांगवायूचा म्हातारा रात्रीत चार वेळा उठवायला सांगेल, त्याला धरणार कोण? बाईमाणसाला बेडपॅन द्यायचा तर आडोसा हवा, पडदा हवा, धुतलेला बेडपॅन हवा. शौचालय वॉर्डाच्या टोकाला आणि त्याचा दरवाजा लागत नाही, अशी स्थिती असेल तर नळी हीच दया वाटते. हा आक्षेप आळसाचा म्हणून झटकता येणार नाही, त्यात मनुष्यबळाचं खरं गणित आहे. पण ते गणित अर्ध्यावर सोडलेलं आहे. ज्याला थंडी वाजून ताप भरला त्याला इंजेक्शनं सुरू होतात, मुक्काम वाढतो, आणि ती खाट त्याच सिस्टरकडे आणखी आठवडाभर राहते. जंतू रक्तात उतरले तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय नळी माणसाला खाटेला बांधते. सेंट यांनीच एका लेखात तिला एका टोकाचं बंधन म्हटलं होतं. आपल्याकडे दाव्याला बांधलेल्या जनावराची उपमा लगेच सुचेल. पिशवी सांभाळत कोण चालणार, म्हणून ऑपरेशन झालेली बाई उठत नाही. ती उठत नाही म्हणून पायात रक्त गोठण्याचा आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो, आणि ती उठत नाही म्हणूनच तिची नळी काढत नाहीत. पुरुषांसाठी बाहेरून लावायची निरोधासारखी पिशवी स्वस्तात मिळते, लघवीचं भांडं खाटेजवळ ठेवता येतं. बायकांसाठी एक सरकता पडदा आणि चार जास्तीचे बेडपॅन हा संसर्गप्रतिबंधाचाच खर्च आहे. तो बांधकाम किंवा फर्निचर या सदरात टाकला की मागे पडतो, एवढंच.

नळी कधीच नको, असं कोणी म्हणत नाही. प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या माणसाला तिच्यामुळे जीवदान मिळतं. शुद्ध हरपलेल्या, रक्तदाब ढासळलेल्या रुग्णाची लघवी तासातासाला मोजावी लागते. कमरेचं किंवा मणक्याचं हाड मोडलेल्याला हलवता येत नाही. ढुंगणाजवळची जखम लघवीने भिजत असेल, किंवा अखेरच्या दिवसांत रुग्णाला निदान एवढा आराम द्यायचा असेल, तर नळी योग्यच. या यादीत ‘वय झालंय’ आणि ‘नातेवाइकांनी मागितली’ ही कारणं नाहीत. ऑपरेशनसाठी घातलेली नळीही, खास अडचण नसेल तर, २४ तासांच्या आत काढावी अशी शिफारस आहे.

‘सोबत अँटिबायोटिक चालू आहेच, मग भीती कसली?’ हा दुसरा युक्तिवाद खासगी दवाखान्यांत जास्त ऐकू येतो आणि तो जास्त धोक्याचाही आहे. नळी आहे तोवर प्रतिबंध म्हणून औषध दिलं, तर पहिले काही दिवस लघवी स्वच्छ दिसते, मग तिथे तेच जंतू उरतात जे त्या औषधाला दाद देत नाहीत. नळीची पिशवी ही अशा जंतूंची कोठी बनते. भारतीय वाचकाला याचं एक उदाहरण माहीत असायला हवं. एनडीएम-१ या बहुतेक जबर औषधांना निकामी करणाऱ्या विकराचं नाव नवी दिल्लीवरून पडलं आणि त्यावरून आपल्याकडे बराच राग व्यक्त झाला. हा विकर पहिल्यांदा सापडला २००८ साली स्वीडनमध्ये, दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या क्लेब्सिएला जंतूत. दिल्लीचं नाव देणं योग्य होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण नमुना लघवीचा होता या तपशिलाकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. याला जोडूनच दुसरी चूक होते. नळी असलेल्या रुग्णाला ताप नाही, दुखणं नाही, पण तपासणीत जंतू निघाले म्हणून औषध सुरू होतं. बरेच दिवस नळी असेल तर लघवीत जंतू असणारच. त्रास नसेल तर, गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन होऊ घातलेला रुग्ण असे अपवाद सोडून, त्यांच्यावर औषध द्यायचं नसतं. त्यात नमुना पिशवीतून काढलेला असेल तर तो अहवाल रुग्णाचा नसून पिशवीचाच असतो. नमुना नळीवरच्या ठरलेल्या जागेतून, ती पुसून, सुईने घ्यायचा, आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी नवी घालून मगच घ्यायचा. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जंतू वाढवून औषधांची परीक्षा करता येते. आष्टी-पाटोद्याच्या छोट्या दवाखान्याला ती सोय दाराशी नाही. म्हणून जिथे तपासणी दूर आहे तिथे नळी लवकर काढणं आणखीच शहाणपणाचं, कारण चुकलेलं निदान सुधारायला तिथे दुसरी संधी कमी असते.

तिसरा युक्तिवाद पैशाचा. चांदीचा मुलामा दिलेल्या, औषधात भिजवलेल्या नळ्या निघाल्या आहेत आणि त्यांची जाहिरात आकर्षक असते. ब्रिटनमध्ये २४ रुग्णालयांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवर त्यांची साध्या नळीशी तुलना झाली, निष्कर्ष २०१२ साली आले. थोड्या दिवसांच्या वापरात चांदीच्या नळीने लक्षणांसह होणारा संसर्ग कमी केला नाही. औषधाच्या नळीचा फायदा इतका किरकोळ होता की त्यावरून धोरण बदलावं असं संशोधकांना वाटलं नाही. जिल्हा रुग्णालयाच्या खरेदी समितीला एवढं पुरे.

चौथा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो बुद्धिमान आहे. सात भारतीय शहरांतल्या अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास २००७ साली आला. त्यात नळीच्या दर हजार दिवसांमागे लघवीचे संसर्ग १.४१ होते, तर व्हेंटिलेटरवरच्या दर हजार दिवसांमागे न्यूमोनिया १०.४६. मग एवढ्या छोट्या आकड्यासाठी हा खटाटोप कशाला? एक तर व्हेंटिलेटर मोजक्यांना लागतो आणि नळी वॉर्डावॉर्डांत असते, त्यामुळे लहान दराला मोठ्या संख्येने गुणावं लागतं. दुसरं म्हणजे, जिथे लघवीचा नमुनाच क्वचित तपासला जातो तिथे दर कमीच दिसणार. आणि तिसरं, हा दरच थोडा फसवा आहे. समजा एका वॉर्डात महिन्याला नळीचे दोनशे दिवस भरत होते आणि दोन संसर्ग होत होते. दर हजारी दहा. तिथल्या सिस्टरने अनावश्यक नळ्या काढायला लावल्या, दिवस शंभरावर आले, संसर्ग एकावर आला. दर अजून हजारी दहाच! उलट उरलेल्या नळ्या जास्त आजारी माणसांच्या असल्याने दर वाढलेलाही दिसेल. चांगलं काम करणारा वॉर्ड कागदावर नापास होईल. म्हणून किती संसर्ग झाले याच्या शेजारी दाखल रुग्णांपैकी रोज किती जणांना नळी होती, हा साधा आकडा लिहायला हवा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, खडू आणि फळा पुरतो. अमेरिकेत ६०३ रुग्णालयांत राबवलेल्या मोहिमेचे निष्कर्ष २०१६ साली आले, तेव्हा साध्या वॉर्डांतले संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटले होते, अतिदक्षता विभागांत मात्र हालचाल झाली नव्हती. तिथे ‘लघवी मोजायची आहे’ हे कारण कायम तयार असतं. तासाला मोजायची गरज आहे की दिवसाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. दिवसाची लघवी भांड्यातही मोजता येते.

पाण्याचं काय? हा प्रश्न बीडमध्ये टाळून चालणार नाही. २०१६च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा प्रदेशात ‘प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा’ हा सल्ला ऐकायला गोड आणि पाळायला अवघड. पण हातांसाठी पाणी हा एकच मार्ग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हातांवर चोळायच्या द्रावणाची कृती जाहीर केलेली आहे: ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरीन, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी उकळून गार केलेलं पाणी. रुग्णालयाच्या औषधभांडारातही ते बनवता यावं, असाच त्या कृतीचा हेतू आहे. आणि इथेनॉल येतं कुठून? बऱ्याचदा उसाच्या मळीतून. ज्या उसासाठी बीडचा कोयता सहा महिने परजिल्ह्यात राबतो, ज्याच्या फडात बाईला आडोसा आणि पाणी मिळत नाही म्हणून लघवीची जळजळ अंगावर काढावी लागते, त्याच उसाचा हा पदार्थ तिच्या खाटेच्या पायथ्याशी बाटलीत लटकवता येतो. मात्र हात मळलेले दिसत असतील तर द्रावण चालत नाही, आणि नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुवावी लागते, तिथे पाण्याला पर्याय नाही. टँकरच्या दिवसांत हे पाणी राखून ठेवायचं तर नळी असलेले रुग्ण कमी असणं हीच पहिली बचत.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. काढायची कोणी? डॉक्टरने, हे उत्तर कायद्याला धरून आहे आणि व्यवहारात अपुरं आहे, कारण राउंड दहा मिनिटांत संपतो आणि चादरीखालची नळी दिसत नाही. सिस्टर ती दिवसातून चार वेळा पाहते. तिला लेखी अधिकार दिला, की ठरलेल्या कारणांपैकी एकही उरलं नाही तर तिने न विचारता नळी काढावी आणि सहा तासांत लघवी झाली की नाही हे पाहावं, तर प्रश्न बराच सुटतो. ‘काढली आणि लघवी अडली तर ठपका कोणावर?’ ही भीती खरी आहे, म्हणूनच आदेश लेखी आणि संस्थेच्या सहीचा हवा. नर्सच्या शहाणपणावर सोडून मोकळं होणं बरोबर नाही. आणि उरतो प्रवास. गेवराईचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरला जातो, आष्टीचा अहिल्यानगरला, परळीचा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला. रुग्णवाहिकेत त्याच्यासोबत सलाईन, फाइल, दोन नातेवाईक आणि ती पिशवी असते. पिशवी निघण्याआधी रिकामी केलेली असावी, उतरवताना कमरेखाली धरलेली असावी, आणि नळीवर एक चिकटपट्टी असावी, जिच्यावर बॉलपेनने घातल्याची तारीख आणि कारण मराठीत लिहिलेलं असेल. फाइल इंग्रजीत असते आणि ती टेबलावर जाते. चिकटपट्टी रुग्णाजवळ राहते, आणि ती सुनेलाही वाचता येते.